हिरवेकाकांचं जमलं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे हिरवेकाका म्हणत. माणसाचं एखादं जनुक नेमकं काय करतं हे संशोधकांना बघायचं असलं, की काका त्याला हिरव्या चकाकीची शेपटी जोडत आणि ते विषाणूच्या कणांत भरून देत. कण पेशीत शिरले की जनुक तिथे बस्तान बसवायचं. त्यातून तयार झालेलं प्रथिन जाईल तिथे हिरवं चमकायचं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक सासरी गेली आणि घरात बोलायला टीव्हीच उरला. शेवटी लेकीनेच मनावर घेतलं. पोहायला शिकवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या एका बाईंशी तिने भेट ठरवली आणि बजावलं, "बाबा, विषाणू हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आधीच्या बाई त्यावरूनच पळाल्या."

काकांनी मान डोलावली. पण बाईंनी चहा ढवळत "तुम्ही काय करता?" असं विचारलं, तेव्हा त्यांना थाप काही मारता येईना.

"विषाणू बनवतो."

शेजारी बसलेल्या लेकीने कपाळाला हात लावला.

"चावतात का?" बाईंनी विचारलं.

"दात काढलेले असतात. पेशीत शिरतात, सामान ठेवतात, संपलं. त्यांना पोरंबाळं होत नाहीत. तरी आम्ही जपूनच वागतो, हातमोजे घालून."

"मग दाखवा की."

काकांनी वरिष्ठांची परवानगी काढली. बाई आल्या. काचेपलीकडे सूक्ष्मदर्शक, अलीकडे पडदा. काकांनी ऐटीत बटण दाबलं, तर पडद्यावर काळाकुट्ट अंधार. काका घामाघूम झाले. मग त्यांना आठवलं. कोणता शर्ट घालायचा यावर लेक फोनवर हुज्जत घालत होती, तेव्हा कणांची कुपी फ्रीझरबाहेर राहिली ती राहिलीच. बराच वेळ असे उघड्यावर पडले की कण पार मरगळतात. त्यांनी तसं सांगूनही टाकलं.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडेसुद्धा पहिल्या दिवशी कोणी तरंगत नाही. पुन्हा करा, मी येते."

काकांनी फोन खणात कोंबला आणि नव्याने कण तयार केले. या वेळी पडदा उजळला. प्रत्येक पेशीच्या कडेने बारीक हिरवी किनार चमकत होती. बाई पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

"हे जनुक माणसाचंच?"

"माणसाचंच. तुमच्यामाझ्यातही आहे. फक्त चमकत नाही."

"बरंय," बाई म्हणाल्या. "नाहीतर झोपायची पंचाईत झाली असती."

काका इतके हसले की चष्म्यावर वाफ धरली.

लग्न साधेपणाने झालं. आता सुट्टीच्या दिवशी काका पाण्यात उतरतात, कठड्याला घट्ट धरून. बायको समोर उभी राहून सांगते, "एक हात सोडा. एकच."