बकुळीच्या ओळीतली मोकळी जागा

आमचं घर म्हणजे इस्टेटीच्या मागच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे. पावसात आई गळतीखाली भांडी मांडायची आणि उरलेल्या कोरड्या कोपऱ्यात मी अभ्यास करायचे. आबा, म्हणजे माझे वडील, त्या इस्टेटीवर माळी. पौडच्या पुढं, कोळवण खोऱ्यात, जुन्या बंगल्यापुढची ती बाग त्यांनी पस्तीस वर्षं राखली. बंगल्याची पायरी मात्र आम्ही कुणीच कधी चढलो नाही. त्या पत्र्याखालून मी पदवीधर झाले, घराण्यातली पहिली. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. निकालाच्या दिवशी आबांनी बागेतल्या बकुळीच्या ओळीत एक रोप लावलं. ओळीत तेवढीच एक जागा रिकामी होती. "पडल्या दातावानी दिसतंय," म्हणाले. "आता हितं तुजं झाड."

सव्वा महिन्यापूर्वी आबा गेले. हिंजवडीच्या ऑफिसात फोन आला, तेव्हा आमचा अबोला चालू होता... त्याच झाडावरून.

झालं असं, की मालकांच्या नातवांनी बाग जुन्या आराखड्याप्रमाणे पुन्हा उभी करायचं ठरवलं. पुण्याहून बागांच्या रचनेतल्या जाणकार मॅडम आल्या. नकाशात ती जागा मोकळीच होती, मुद्दाम सोडलेली. आबांना पटेना. "तितलं झाड मेलं आसंल कंदीतरी, मॅडम." मॅडमनी वाद घातला नाही. त्यांना व्हरांड्यात नेलं आणि मालकांच्या खुर्चीत बसवलं. चपला पायरीखाली काढून आबा खुर्चीच्या कडेला टेकले. समोर बकुळीची ओळ, आणि जिथं तिकोना किल्ला दिसायला हवा, बरोबर तिथं माझं झाड.

त्यानंतरच्या रविवारी मी गावी गेले, तर नुसता बुंधा उरलेला. दुसऱ्या कुणाला आबांनी कुऱ्हाड लावू दिली नव्हती.

"पस्तीस वरसं पानी घातलं, पन वरनं बाग कशी दिसती ते म्हाईतच न्हवतं," आबा सांगत होते.

"मला विचारायचं तरी! माझं होतं ते!"

"तुजंच व्हतं. चूक माजी व्हती. इचारलं आसतं तर तू रडली आसतीस, आन मग माजा हात चालला नसता."

चहाही न घेता मी निघाले. नंतर त्यांचे फोन यायचे. उद्या बोलू, असं मनात म्हणत मी ते वाजू द्यायचे...

तेरावं झाल्यावर मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं. पायरीशी माझा पाय थबकला. त्या म्हणाल्या, "झाड तोडल्यापासून ते रोज संध्याकाळी थोडा वेळ इथं बसायचे." खुर्चीच्या हातावर तंबाखूच्या चुन्याची बोटं उमटली होती. कुणी ती पुसली नव्हती, मीही पुसली नाहीत. बसले. समोर बकुळी होत्या, त्यांच्यात मोकळी जागा होती, आणि त्या जागेत तिकोना उभा होता.

बाग जुन्या आराखड्याप्रमाणे पूर्ण झाली आहे. ती माझ्या वडिलांनी पूर्ण केली.