साव्हेतावहिनीची चाळीस अस्वलं

माझ्या वहिनीला, साव्हेताला, एका जागी स्वस्थ बसणं माहीतच नाही. शिलाईचा कारखाना बंद पडला तेव्हा कार्पेथियन डोंगरांच्या उतारावरच्या आमच्या सगळ्या गावाला वाटलं, आता ही कुणाचं तरी डोकं खाणार. पण तिला घरबसल्या काम मिळालं. जंगलाच्या कडेला कॅमेरे बसवलेत. त्यांची चित्रं बघायची, दिसेल त्याच्याभोवती चौकट काढायची आणि लिहायचं: अस्वल, कुत्रा, माणूस. अशा हजारो चौकटी बघून यंत्र शिकतं, मग आपलं आपण ओळखतं आणि वनरक्षक गवरिलच्या फोनवर इशारा पाठवतं. गवरिलजवळ बंदूक आहे. दोन महिन्यांपूर्वी अस्वलानं त्याच्या भावाला फाडलं, तेव्हापासून त्याचं बोट चापावरच असतं.

वर्ष संपताना आमच्याकडचे पुरुष खऱ्या अस्वलाचं कातडं पांघरून ढोलावर गावभर नाचतात, सरत्या वर्षाची पीडा हाकलतात. कातडं अंगावर असेपर्यंत त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, अपशकुन होतो. बायकोसुद्धा ‘आमचं अस्वल’ असंच म्हणते.

यंदा नाचाच्या सकाळी मी कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं घेऊन वहिनीकडे गेले. माझा भाऊ नेकुलाय कातडं चढवायला वरच्या खोपटात गेला होता. वहिनी पडद्यासमोर उभी, खुर्ची मागे आडवी पडलेली.

"व्हालेरिया, हे बघ."

वरची पायवाट दिसत होती. बर्फातून अस्वल खाली येत होतं, दोन पायांवर, डावा पाय ओढत. चौकटीवर लिहिलेलं: अस्वल. खाली: इशारा पाठवला.

"अगंबाई, हा तर दादा!"

"गेल्या वर्षी कॅमेऱ्यांनी नाच टिपला, तो मीच चौकटीत घातला गं. चाळीस जण. सगळ्यांवर अस्वल लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते मी?"

गवरिल फोन उचलेना. वहिनी घरातल्या चपलांनीच धावत सुटली, मी तिच्या मागे. आणि ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "नेकुलाय! नेकुलाय!"

कुंपणाशी गवरिल नेम धरून उभा होता. वर अस्वल थबकलं, दोन्ही हातांनी डोकं उतरवलं आणि खेकसलं, "अक्कल आहे का तुला? कातड्यात असताना नाव घेतेस?"

गवरिल बंदूक टाकून बर्फात बसला. वहिनी रडली नाही. तिनं दादाला दोन धपाटे घातले.

दुपारी नाच बघायचा सोडून ती गेल्या वर्षीच्या चौकटी दुरुस्त करत बसली. माणूस, माणूस, माणूस. नाचून परतलेला दादा मागून कुरकुरला, "एवढा जीव तोडून नाचलो, आणि तू माझा माणूस करून टाकलास!"

एका चित्राशी ती अडली. धुक्यात झाडाआड कुणीतरी उभं होतं. मागेपुढे करून तिनं सात वेळा पाहिलं. दादालाही सांगता येईना, मलाही नाही.

तिनं माणूस लिहिलं.

"वहिनी, अस्वल असलं तर?"

"असू दे. चुकायचंच असेल तर या बाजूनं चुकू दे."

तिचं बरोबरच आहे. पण तेव्हापासून मी गोठ्याला दोन कड्या लावते, आणि तरी पुन्हा उठून बघून येते.