पारच्या जादूगाराविरुद्धची मसलत

तो जादूगार आमचा होता. आम्ही तिघांनी तो गंगेवरच्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसून जन्माला घातला होता, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा आठवीत असेन. आमचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, मंगला गौरीच्या देवळाजवळ. वडील संस्कृत शाळेत व्याकरण शिकवायचे. माझी मैत्रीण रामघाटावर राहायची. तिच्या घरीच वेदपाठशाळा होती आणि तिच्या वडिलांना सगळा मोहल्ला गुरुजी म्हणायचा. तिसरा माझा मावसभाऊ, जाडा, हसरा, आणि कुठल्याही गोष्टीत चोराचं काम मागून घेणारा. उन्हाळ्यात संध्याकाळी बिजली गेली की घरात बसवायचं नाही. आम्ही घाटावर येऊन बसायचो. समोर गंगा, आणि पार नुसती रेती. घर नाही, झाड नाही, दिवा नाही. त्या रेतीकडे रोज बघून बघून तिथे कुणीतरी राहतं असं वाटायला लागलं.

तिथे जादूगार राहत होता. त्याने डोळे देऊन कान घेतले होते. तो आंधळा होता, पण पाण्यावरून जाणारा एकूण एक शब्द त्याला ऐकू यायचा. कुणी पार जायचं ठरवलं की त्याला आधीच कळायचं, आणि नाव अर्ध्या गंगेतून वळून आपल्याच घाटाला परत लागायची. त्याच्याशी लढायला निघालेली तिघं म्हणजे आम्ही. मी तलवारवाली, मैत्रीण नाव वल्हवणारी मल्लाहीण, मावसभाऊ चोर.

अडचण एकच होती, आणि त्या अडचणीवर आम्ही कित्येक संध्याकाळी घालवल्या. जो सगळं ऐकतो त्याच्याविरुद्ध मसलत करायची कशी?

"लिहून ठरवू," मावसभाऊ म्हणाला.

"कलम कागदावर घासलेली पण ऐकू येते त्याला," मी म्हटलं.

 मैत्रिणीने उजवा हात पुढे धरला, वर नेला, खाली आणला, आडवा फिरवला. तिच्या घरचे विद्यार्थी मंत्र म्हणताना असाच हात हलवत. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. मुलींना ते कुणी शिकवत नसे, पण जन्मल्यापासून तिच्या कानांवर आणि डोळ्यांसमोर तेच होतं.

"तोंडाने खोटं बोलायचं," ती म्हणाली, "आणि हाताने खरं. तो आंधळा आहे ना!"

आम्ही दोघं ओरडलोच. मग त्या प्रसंगाचा खेळ आम्ही किती वेळा केला असेल! तोंडाने म्हणायचं, "अमावास्येला राजघाटाकडून निघू, आता झोपून जाऊ." हाताने सांगायचं, आत्ता, इथूनच. घाटावर येणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव जवळ आला तेव्हा मीच ते नाटक म्हणून लिहून काढलं. मंडळात मुलांचं नाटक बसवायचे ते बँकवाले काका. पुण्याहून बदली होऊन आले होते, गोरे, उंच, पायांत सतत पॉलिश केलेले बूट. आमच्या लोकांना त्यांचं फार अप्रूप. ते आले की म्हातारेकोतारेसुद्धा खुर्ची सोडायचे. त्यांनी माझं नाटक घेतलं, चष्मा लावून उभ्यानेच वाचलं, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने हसले.

"‘नाव खोल, पार जायचं आहे.’ हे काय आहे?"

"मल्लाहीण म्हणते," मी सांगितलं.

"मल्लाहीण नाही, नावाडीण. नाव नाही, होडी. रेती नाही, वाळू. आणि ‘तो झोपून राहिला आहे’ म्हणजे काय? अगं, हे मराठी नव्हे. हे भैयांचं मराठी."

सगळे हसले. माझे वडील तिथे होते. तेही हसले. पाणिनीची सूत्रं झोपेत म्हणू शकणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातली भाषा हसण्यावारी नेली जात असताना खुर्चीत बसून हसत होता. तो हसरा चेहरा मी विसरलेले नाही.

"कल्पना बरी आहे," काका म्हणाले. "भाषा मी शुद्ध करून घेतो."

त्यांनी ती शुद्ध केली. "चल, पार जाऊ"चं झालं, "चला, पैलतीरी प्रयाण करू." मग त्यांनी मुलांना वाचायला लावलं आणि आमचे उच्चार ऐकून तिन्ही भूमिका काढून घेतल्या. सेनापती झाला त्यांचा मुलगा. आमचं तिघांतलं बोलणं त्यांनी सेनापती आणि त्याच्या दोन शिपायांना वाटून दिलं. शिपाई झाल्या त्यांच्याच ऑफिसातल्या साहेबाच्या मुली. आम्हाला काळ्या शाली देऊन जादूगाराचे सेवक केलं. सेवकांना एकही वाक्य नव्हतं. मागे उभं राहायचं आणि पडदा ओढायचा.

सर्वांत मोठा मूर्खपणा अजून पुढे होता. त्यांनी हात काढून टाकले.

"हे हातवारे कशाला? ताकद शब्दांत हवी."

मी म्हटलं, "पण काका, मग जादूगार सगळं ऐकेल ना? हे लोक त्याच्यासमोर आपला बेत सांगून राहिले आहेत."

"लहान मुलांचं नाटक आहे गं. एवढा विचार कोण करतं?"

आम्ही केला होता. आम्ही तेवढाच विचार केला होता. मला त्या क्षणी त्यांच्या चकचकीत बुटांवर माती टाकावीशी वाटली. मैत्रिणीने माझा हात दाबून धरला म्हणून गप्प राहिले.

घरी येऊन वडिलांना विचारलं, "तुम्ही बोलला का नाही?"

"पाहुणे आहेत ते."

"इतकी वर्षं राहून राहिले आहेत, अजून पाहुणे?"

वडिलांनी पोथी उघडली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिने बरोबर विचारलं आहे. उत्तर तर द्या." वडिलांनी पान उलटलं. आईने त्या संध्याकाळी ताट वाढताना भांडी इतकी आपटली की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

तालमी चालल्या. काकांचा मुलगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. तो कॉन्व्हेंटमध्ये शिकायचा आणि घरी आईवडिलांशी अर्धंअधिक इंग्रजीतच बोलायचा. ‘पैलतीरी प्रयाण’ म्हणताना त्याची जीभ दर वेळी अडखळायची. एकदा काका बाहेर गेले असताना तो आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पैलतीर म्हणजे काय?"

"पार," मावसभाऊ म्हणाला.

"मग पारच का नाही म्हणत?"

"आपल्या बाबांना विचार," मैत्रीण म्हणाली. तो परत जाऊन आपल्या जागी उभा राहिला.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. रामघाटाचे झाडून सगळे आले होते, पुढच्या रांगेत गुरुजी, बाजूला माझे वडील. जादूगार डोळ्यांवर पट्टी बांधून एका कोपऱ्यात बसला होता आणि आम्ही तिघं त्याच्यामागे काळ्या शालींत. मसलतीचा प्रसंग सुरू झाला. एका मुलीने तिचं वाक्य म्हटलं. आता सेनापतीची पाळी.

तो बोलला नाही. तोंड उघडं, डोळे समोर, आणि आवाज नाही. विंगेतून काका दबल्या आवाजात सांगत होते, "चला, पैलतीरी... पैलतीरी..." मुलाचे कान लाल झाले होते. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग हसू फुटायला लागलं. तो आता रडणार, हे आम्हाला दिसत होतं.

माझ्या शेजारून काळी शाल हलली. मैत्रीण जादूगाराच्या मागून निघाली, सरळ स्टेजच्या मध्यभागी गेली आणि कमरेवर हात ठेवून सेनापतीला म्हणाली, "ए, उभा काय राहिलास? अमावास्येला जाऊ ना राजघाटाकडून! आता झोपून जा!"

आणि हात वर नेला, खाली आणला, आडवा फिरवला. आत्ता. इथूनच.

 मागच्या रांगेतल्या, घाटावर आमचा खेळ बघितलेल्या बायकांना कळलं, आणि जे हसू उसळलं ते आधीच्या हसण्यासारखं नव्हतं. "अगं, फितूर झाली! जादूगाराची दासी फितूर झाली!" एक म्हातारी ओरडली. सेनापतीच्या चेहऱ्यावर जीव आला. त्यानेही हात वर नेला. मावसभाऊ धावत पुढे गेला, मी गेले, आणि आम्ही चौघांनी तो प्रसंग आमच्या भाषेत, आमच्या हातांनी पूर्ण केला. शेवटी मैत्रीण म्हणाली, "नाव खोल. पार जायचं आहे." टाळ्या थांबेनात.

त्यानंतर काका स्टेजवर आले. त्यांच्या खांद्यावर शाल घातली गेली, हातात नारळ दिला गेला. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "स्थानिक बोलीचा थोडा विनोदी वापर करावा, आणि त्याला हस्तमुद्रांची जोड द्यावी, अशी माझी कल्पना होती."

मी वडिलांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते.

पडद्यामागे आल्यावर काकांचा आवाज बदलला. "तुला मध्ये यायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी मैत्रिणीला विचारलं.

"तुमचा सेनापती मरून राहिला होता, काका. म्हणून आले."

 काका सरळ गुरुजींकडे गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण गुरुजींना कुणी सांगायची गरजही नव्हती. मुलीने भर सभेत वेदाचे हात केले, तेही नाटकात, एवढं त्यांना पुरेसं होतं. तिला दंडाला धरून ते घरी घेऊन गेले. ज्या हॉलमध्ये तिला टाळ्या पडल्या होत्या त्याच हॉलमधून, सगळ्यांसमोर.

तिचं मंडळात येणं बंद झालं. घाटावर येणंही बंद झालं. मी भेटायला गेले की तिची आई दारातच म्हणायची, "ती कामात आहे, बाळ." आत विद्यार्थ्यांचा घोष चाललेला असायचा. आणि काका? ते उजळ माथ्याने हिंडत होते. पुढच्या भाद्रपदाआधी ते आमच्या घरी आले, चहा प्याले आणि मला म्हणाले, "या वर्षी काय लिहिते आहेस? मागच्यासारखं काहीतरी मजेदार लिही."

वडील माझ्याकडे आशेने बघत होते.

"मला मराठी कुठे येतं, काका," मी म्हटलं आणि कपबश्या उचलून आत गेले. वडील मागून हाक मारत राहिले. आईने माझ्या हातातून ट्रे घेतला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे काकांची बदली झाली. मंडळाने त्यांचा निरोप समारंभ केला. मी आणि आई गेलो नाही. मावसभाऊ गेला, आणि येताना आमच्यासाठी समोसे घेऊन आला. त्याच्यावरही मी चिडले आणि समोसे खाल्ले. वडिलांशी मी नीट बोलायला लागले ते फार उशिरा, आणि या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. ते गेले तेव्हाही तेवढं राहूनच गेलं.

मैत्रीण लग्न होऊन नागपूरला गेली. शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या मुलांना हाताने खाणाखुणा करून गोष्टी सांगते म्हणे, आणि मुलं दुसऱ्या वर्गातून पळून येऊन ऐकतात. आम्ही फोनवर बोलतो. मध्यंतरी मी तिला म्हटलं की हे सगळं लिहायला घेतलं आहे.

"तू त्या माणसावर अजून रागावून राहिली आहेस?" तिने विचारलं.

"हो."

 ती म्हणाली, "चांगलं आहे. मी पण."