गुंडूआण्णांचा हुंकार

मे महिन्यात, दुपारी चारला, पत्र्याच्या हॉलात गोष्टींचा कार्यक्रम ठेवणाऱ्याचं डोकं तपासून घ्यायला पाहिजे, असं दारातल्या पाण्याच्या जारभोवती उभे असलेले सगळेच म्हणत होते. गुंडूआण्णा तेवढे गप्प होते. एरवी उन्हाला चार शिव्या घातल्याशिवाय हा माणूस रस्ता ओलांडत नसे.

मंगळवार पेठेत आण्णांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. सारी हयात लेथ मशीनवर गेली. मशीनच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय लागली, ती काम सुटलं तरी सुटली नाही. त्यांनी घरात चहा मागितला, तर कोपऱ्यावरचा गाडीवाला कप विसळायला घेई. पण हाच माणूस बायकोसमोर बसला की एका शब्दावर यायचा. तो शब्द म्हणजे "हं".

चिमणाबाईंचं माहेर राधानगरीकडचं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, की पाखरांपासून राखण करायला दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची आणि चिमणाबाई माहेरची गोष्ट लावायच्या. त्यांच्याकडची रीत अशी, की ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा. आण्णांना डुलकी लागली, की बरगडीत कोपर बसायचं.

"हुंकार तोडू नगासा. गोष्टीतलं मानूस वाटंतच अडकतंय."

कुरडया डब्यात गेल्या की गोष्टही बंद. उरलेली पुढच्या उन्हाळ्यात. लांबण लावण्यात चिमणाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकच गोष्ट त्यांनी कितीतरी उन्हाळे पुरवली.

ती गोष्ट होती एका सासुरवाशिणीची. बाई चालत माहेरी निघालेली. डोंगर आडवा आला, त्याला तिनं बांगड्या दिल्या. रान आडवं आलं, त्याला पदर फाडून दिला. मग आली नदी. नदी म्हणाली, "तुझं नाव दे, मग वाट देते." कमरेएवढ्या पाण्यात बाई विचार करत उभी राहिली, आणि तिथंच चिमणाबाईंनी त्या वर्षीच्या कुरडया गोळा केल्या. पावसाळ्यात अंथरूण धरलं. दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही.

त्याला दोन उन्हाळे झाले. सून मोना कुरडया विकतच्या आणते, त्यामुळे गच्चीवर राखायला काही नसतं. तरी आण्णा दुपारी टाकीच्या सावलीत जाऊन बसतात. ती बाई अजून पाण्यातच उभी आहे, हे त्यांच्या डोक्यातून जात नसे. एवढी बोलघेवडी बायको गोष्ट अर्ध्यात टाकून गेलीच कशी, म्हणून कधी रागही यायचा. बाई माहेरी पोचली की नाही, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

मोनाला हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण तिनं ओळखलं असावं. बाजारातून येताना या कार्यक्रमाचा फलक वाचून ती घरी येऊन म्हणाली, "आण्णा, आईंच्या भागातल्या गोष्टी हायत म्हनं. जाऊन या की." आण्णांनी टोपी घातली आणि निघाले.

हॉलात पंखे गरम वाराच ढवळत होते. गोष्ट सांगणारी संयोगिता पंचविशीतली पोरगी, मंचाच्या पायरीवरच बसली. पहिल्या दोन गोष्टी भलत्याच निघाल्या आणि आण्णा हिरमुसले. तिसरीत बाई माहेरी निघाली, डोंगर आडवा आला, आणि आण्णांच्या तोंडून "हं" सुटला. लेथवरचा आवाज तो. सगळा हॉल मागं वळला.

"गप बसा की ओ पावणं!" पुढचा एकजण खेकसला.

"असू द्या," संयोगिता म्हणाली. "आमच्याकडं असाच हुंकार देत्यात. द्या आण्णा तुम्ही."

मग ती त्यांच्याकडंच बघून सांगू लागली. रानानं पदर मागितला. "हं." बाईनं फाडून दिला. "हं." आण्णा खुर्चीत पुढं सरकले होते. किती दिवसांनी त्यांच्या या एका शब्दाला कुणीतरी विचारत होतं.

"बाई नदीत उतरली."

"हं."

"पाणी कमरंला आलं. नदी म्हनली, तुझं नाव दे."

आण्णांचा हुंकार आला नाही.

दोन उन्हाळे जे ऐकायला जीव तडफडला, ते आता त्यांना नको झालं. बाई पाण्यात होती तोवर गोष्ट चिमणाबाईंची होती. उरलेली सांगायला बायको टाकीच्या सावलीत पुन्हा येऊन बसेल, असं सत्तरीचा हा माणूस मनात धरून बसला होता, आणि ते त्याचं त्यालाच आज कळत होतं.

"आण्णा, हुंकार द्या की," संयोगिता हळूच म्हणाली. "बाई पाण्यात हाय."

बरगडीत कोपर बसल्यासारखं झालं. किती दिवस उभं ठेवायचं तिला? पाय गारठले असतील.

"हं," आण्णा म्हणाले.

बाईनं नाव दिलं, नदीनं वाट दिली. दारात आई उभी होती. हाक मारायला लेकीला नाव उरलं नव्हतं. "आलीस व्हय गं?" एवढंच आई म्हणाली आणि तिला घरात घेतलं.

टाळ्या झाल्या. लोक उठून पाण्याच्या जाराकडं धावले. आण्णा बसूनच राहिले. आपल्याच हुंकारानं आपण तिला पल्याड पोचवलं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

संयोगिता जवळ आली. "ही गोष्ट कुणी सांगितलीती आण्णा?"

"आमच्या मंडळीनं. नदीपतोर."

"मग आज पुरी झाली की."

"झाली की." सगळ्या पेठेला ऐकू जाणारा तो आवाज समोरच्या पोरीपर्यंत कसाबसा पोचला. "आता पुढच्या उन्हाळ्यात मी कुनाची वाट बघू, पोरी?"

 संयोगिता शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हं."