येशूची कंदुरी

जनकाबाईचा देवांशी व्यवहार रोखठोक होता. दिलं तर देणार, नाही दिलं तर नारळाची शेंडीसुद्धा मिळणार नाही. शिरड शहापूरच्या अलीकडं ओढ्याच्या अंगाला धनगरांची थोडी घरं आहेत, त्यातलं कडेचं घर तिचं. नवरा दगडोबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा. लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत फिरायचा आणि मृगाच्या तोंडावर उगवायचा. तोवर घर, शेळ्या, देवधर्म आणि भांडणं, सगळा कारभार जनकाबाईकडं. त्यातलं भांडणाचं खातं ती जरा जास्तच मन लावून सांभाळायची.

एका वर्षी शेळ्यांत रोग आला. तिनं बांधावरच्या म्हसोबाला कोंबडं कबूल केलं. तरी निम्मी दावण रिकामी झाली. मग बाई भरदुपारी म्हसोबापुढं उभी राहिली आणि त्या शेंदूर लावलेल्या दगडाचा असा काही उद्धार केला की रानातल्या बायका कापूस वेचायचं सोडून ऐकत राहिल्या. पुढं वर्षभर तिनं तिथं दिवा लावला नाही. जाता-येता पदर तोंडावर ओढून पलीकडच्या अंगाला बघत जायची. लोक हसायचे, पण पाठीमागं. तोंडावर बोलायची कुणाची टाप होती!

अशा बाईला एकच पोरगी, मोहिनी. दोन लेकरं गेल्यावर झालेली, म्हणून जिवापाड जपलेली. लग्न करून दिली, बरी नांदत होती. हिंगोली परभणीतून फुटून नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या अंगावर सूज यायला लागली. किडन्या बिघडल्यात म्हणाले. सासरच्यांनी तिला आईच्या दारात आणून सोडलं, बरी झाली की सांगा म्हणाले आणि चहाही न घेता गेले. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. त्यातलं जनकाबाईला एवढंच कळलं की माणसांच्या हातात आता फारसं काही नाही.

मग तिनं देव पालथे घातले. औंढ्याला जाऊन आली, दर्ग्यात चादर बोलली, म्हसोबाशीसुद्धा मिटवून घेतलं. पोरीची सूज काही उतरेना. अशात कुरुंद्याच्या बाजारात चोळ्या शिवायला टाकताना शिवहार टेलरची गाठ पडली.

हा शिवहार तरणेपणी सोलापूरला शिलाई शिकायला गेला होता. येताना एक मशीन घेऊन आला आणि एक येशू. घरच्यांनी वर्षभर तोंड बघितलं नाही. गावानं चेष्टा केली, पण हात बसलेला होता, चोळी अशी बेतायचा की गिऱ्हाईक तुटलं नाही. दुकानामागं पत्र्याची शेड होती, तिथं दर रविवारी प्रार्थना चालायची. वीटभट्टीवरचे काही, सालगडी काही, अशी पंचवीस-तीस डोकी जमायची. जनकाबाई एका रविवारी मोहिनीला घेऊन तिथं गेली आणि पार मागं बसली. सगळे डोळे मिटून बसले होते तेव्हा तिनं तिच्या रीतीनं सौदा करून टाकला. पोरगी उठून हिंडू-फिरू लागली की येत्या नाताळाला बोकड.

घरी येऊन तिनं दावणीतला सगळ्यात अंगानं भरलेला काळा बोकड निवडला आणि त्याच्या कानाचा शेंडा कातरला. कान कातरला की जनावर देवाचं, मग ते विकायचं नाही. सगळ्या वस्तीला तिनं ओरडून सांगितलं, हा येशूचा. आता येशूला कंदुरी कोण करतं? बाबाच्या दर्ग्याला करतात, नवस फिटला की बोकड कापून गाव जेवू घालतात. तिला वाटलं, देव तो देव, सगळ्यांचं पोट सारखंच असणार.

शिवहारला हे कळलं तसा तो सायकल मारत वस्तीवर आला. येशूला नवस चालत नाही, बळी तर मुळीच लागत नाही, त्यानं स्वतःचाच जीव सगळ्यांसाठी दिला, हे त्यानं घाम पुसत-पुसत समजावून सांगितलं. जनकाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमाला काहून तकलीफ होऊन राहिली?" ती म्हणाली. "नवस म्या तुमाला केला का?"

शिवहार पाणी पिऊन गेला बिचारा.

त्याची बायको नर्मदाबाई मात्र येत राहिली. आठवड्यातून एकदा दुपारची यायची, मोहिनीला अंघोळ घालायची, केस विंचरायची, शेजारी बसून गाणी म्हणायची. मोहिनीही म्हणायला लागली. आवाज पार खोल गेलेला, तरी म्हणायची. जनकाबाई चिडायची. नुसतं गाऊन काय होतंय, मागून घे की काही, म्हणायची. मोहिनी म्हणायची, गाताना बरं वाटतंय आई, म्हणून गाते. असलं उत्तर जनकाबाईच्या हिशोबात कुठंच बसत नव्हतं.

दुखण्याच्या दुसऱ्या साली, नाताळ यायच्या आधीच, कार्तिकात मोहिनी गेली.

दिवस-पाणी उरकलं, दगडोबा मेंढरं घेऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला की, बोकड आता मोकळा झाला, वसमतचा व्यापारी आला की देऊन टाक. त्याचं चूक नव्हतं. रीत तशीच आहे. देवानं दिलं नाही तर माणसानंही द्यायचं नसतं. वस्तीला मात्र दुसरीच उत्सुकता होती. म्हसोबाची जिनं ती गत केली, ती या नव्या देवाला काय-काय सुनावणार!

जनकाबाईच्याही मनात तेच होतं. एका सकाळी ती तणतणत कुरुंद्याला गेली. रविवार नव्हता, शेड रिकामी होती. समोरच्या भिंतीवर दोन फळ्या आडव्या-उभ्या ठोकलेल्या, बस्स. तोंड नाही, डोळे नाहीत. वाटेनं जुळवत आणलेलं सगळं तिच्या ओठावर होतं. माझी एकुलती एक होती, तुला दिसलं नाही का, इथून सुरुवात करायची होती. पण सुरुवात झालीच नाही. ती सतरंजीवर बसली. थोड्या वेळानं नर्मदाबाई दुकानातून काजं करायचे सदरे घेऊन आली आणि शेजारी बसून सुई चालवत राहिली. समजूत घातली नाही, देवाची मर्जी वगैरे बोलली नाही. ऊन दारात आलं तेव्हा जनकाबाई उठली आणि घरी आली. तिच्या हातून शिव्या न खाता सुटलेला हा पहिलाच देव.

व्यापारी दोनदा येऊन गेला. तिनं बोकड दिला नाही. का देत नाहीस म्हणून शेजारच्या कमलबाईनं विचारलं, तर तिच्याच अंगावर खेकसली. खरं म्हणजे तिचं तिलाही कळत नव्हतं आणि त्यानंच ती जास्त पिसाळली होती. गरज पडली की माणूस देवाकडं जातं, ही तिची आजवरची समजूत. आता कसली गरज उरली होती? मागायचं होतं ते सरणावर गेलं होतं. तरी रविवार आला की पाय कुरुंद्याच्या वाटेकडं ओढायचे. शेळ्या सोडल्या की तिला त्या रिकाम्या शेडीत जाऊन बसावंसं वाटायचं. या वाटण्याची तिला भीती वाटायची. मोहिनीचं दुःख कमी झालं म्हणून असं होतंय की काय, या विचारानं ती स्वतःवरच भडकायची. दुःख कमी झालं नव्हतं. भाकरीचा घास तोंडात फिरायचा, गिळवत नव्हता. पोटाला आधार म्हणून दोन घास ढकलायची आणि उरलेलं शेळ्यांपुढं टाकायची. हाडं वर आली होती.

नाताळाच्या दिवशी सकाळी तिनं बोकड धुतला, कपाळाला हळद लावली आणि दावं हातात धरून निघाली. कमलबाईनं वाट अडवली. घरात माणूस गेलंय, वर्षभर सण धरायचा नसतो, आणि तेही ज्यानं लेकरू वाचवलं नाही त्याचा? जनकाबाई बाजूनं निघून गेली. ती भांडली नाही, हे बघून कमलबाई घाबरली आणि तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आली.

शेडीला दिवाळीतला आकाशकंदील पुन्हा टांगला होता. लेकरं नव्या कपड्यांत नाचत होती. शिवहार कडक इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा होता आणि त्यानं बघितलं, समोरून जनकाबाई बोकड ओढत येतेय आणि तिच्या मागं सुऱ्यांची पिशवी घेऊन इस्माईल मुलाणी. इस्माईल म्हणजे पंचक्रोशीतल्या कंदुऱ्यांचे बोकड कापणारा. वाटेत तिनं त्यालाही उठवून आणला होता.

शिवहारचा चेहरा पडला. त्यानं तिला बाजूला घेतलं. इथं असं करता येत नाही, लोक काय समजतील, उद्या प्रत्येक जण बोकड घेऊन येईल, असं बरंच हळू आवाजात बोलला. ती दावं सोडेना. इस्माईल कट्ट्यावर बसून म्हणाला, तुमचं काय ते बराबर ठरवा, मला दुपारून औंढ्याकडं जायचंय. शेवटी शिवहारनं त्याच्या परीनं तोड काढली.

"जनकाबाई, तुमच्याच रीतीनं बघा," तो म्हणाला. "तुमचं मागणं पुरं झालं न्हाई. मंग नवस फेडता कशाचा?"

जमलेल्यांत चुळबूळ झाली. पोरगी गेलेल्या बाईला असं विचारायला नको होतं, हे बोलल्यावर शिवहारच्याही ध्यानात आलं.

जनकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "नवस गेला माह्या पोरीसंगं," ती म्हणाली. "मागायचं काईच उरलं न्हाई आता. तरी यावं वाटलं, म्हणून आले. रिकाम्या हातानं कसं यावं?"

शिवहारनं मान खाली घातली. इतकी वर्षं तो दर नाताळाला तीच गोष्ट सांगत आला होता, लांबच्या मुलखातले शहाणे लोक बाळाला शोधत येतात, पाया पडतात, भेटी देतात आणि काही न मागता परत जातात. यंदाही सांगायला पानावर खूण घालून ठेवली होती. त्यानं तिच्या हातातलं दावं घेतलं.

पण कापायचा तर जेवणासाठी, येशूच्या नावानं नाही, एवढं त्यानं बजावलं. त्यावर इस्माईल अडला. देवाचं नाव घेतल्याशिवाय आपण सुरी चालवत नसतो म्हणाला. आता आली का पंचाईत! नर्मदाबाई चुलीपाशी मसाला वाटत होती, ती तिथूनच म्हणाली, तुम्ही तुमचं नाव घ्या भाऊ, आम्ही जेवताना आमचं घेऊ. मिटलं.

प्रार्थना झाली, गाणी झाली, शहाण्यांची गोष्ट झाली. जनकाबाई पार मागं बसली होती, पण सगळे डोळे मिटायचे तेव्हा या वेळी तिनं काहीच सौदा केला नाही. नुसती बसली. मोहिनीचं एक गाणं लागलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही तिनं येऊ दिलं.

दुपारी पंगत बसली. कंदुरीत पहिलं ताट देवापुढं जातं आणि ते नवस करणाऱ्याच्या हातानं जातं. जनकाबाईनं ताट वाढून घेतलं, भाकरी, रस्सा, चांगल्या फोडी, आणि शेडीत गेली. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. वर दोन फळ्या, खाली मोकळी फरशी. तिचं माहेर नरसीचं. तिथल्या संतानं लहानपणी देवाला हातानं जेवू घातल्याची गोष्ट त्या गावात पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असते. इथं जेवणारा कुठं बसतो तेच तिला कळेना. ताट धरून ती तशीच मागं वळली.

"याचं ताट कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

पंगतीत दोघं-तिघं हसले. नवस, बळी, नैवेद्य, यांवर शिवहारकडं वर्षानुवर्षांची तयार उत्तरं होती, त्यातलं एखादं तो देणार असं सगळ्यांना वाटलं. तो पंगतीतून उठला. तिच्या हातातलं ताट घेतलं. तिच्या मनगटाची हाडं त्याला दिसली असावीत, कारण तो क्षणभर तिथंच बघत थांबला. मग त्यानं सतरंजीचा कोपरा झटकला, तिला खाली बसवलं आणि ताट तिच्यापुढं ठेवलं.

"ह्ये त्याचं हाये," जनकाबाई म्हणाली.

"व्हय," शिवहार म्हणाला. "त्यानंच तुमच्यापुढं ठेवलंय. जेवा, आई."

आई म्हणून तिला हाक मारणारं कार्तिकापासून कुणी नव्हतं. जनकाबाई ताटाकडं बघत राहिली. नर्मदाबाई येऊन शेजारी टेकली. बऱ्याच वेळानं जनकाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. घास गिळला गेला. तिनं दुसरा मोडला.