थांबेकरांचा टीव्ही

थांबेकर हे काकांचं खरं आडनाव नव्हे. ते सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींनी त्यांना दिलं होतं, आणि इतकं चपखल बसलं होतं की पुण्याहून नव्याने आलेली मुलं त्यांना सरळ "नमस्कार थांबेकर" म्हणायची. काका रागवायचे नाहीत. कुणी कॅमेरा घेतोय, कुणी लॅपटॉप घेतोय असं कानावर आलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "थांबा. घाई काय आहे? पुढच्या वर्षी याहून चांगला येईल." आणि पंचाईत अशी की दर वर्षी खरोखरच त्याहून चांगला यायचा.

बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी चार वर्षं एक खोली भाड्याने घेऊन राहिले. नोकरी नवी, गाव नवं, स्वयंपाकाच्या नावाने शून्य. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे महिन्याभरात मी भाडेकरूची घरातली कधी झाले ते कळलंच नाही. काका सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि तो ते घरीही चालू ठेवायचे. नवी छत्री आणली की आधी बाथरूममध्ये शॉवरखाली उघडून बघायचे. मी हसले की म्हणायचे, "कुठे गळते ते घरातच कळलेलं बरं."

हॉलमध्ये एक जुना, जडशीळ टीव्ही होता. त्याचं चित्र किंचित थरथरायचं. काकू रोज संध्याकाळी त्यावर चिनी मालिका बघायच्या. चिनीतलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या वाचायच्या आणि मी ऑफिसातून आले की सगळं कथानक मला सांगायच्या. "भाषा कशाला यायला हवी? त्या सासूचे डोळे बघ. आमच्या सांगलीच्या आत्याबाई अश्शाच बघायच्या," असं त्यांचं म्हणणं.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, खालची अक्षरं हल्ली पुसट येतात." काका उठले, मागची वायर हलवली, वाकून पडदा तपासला आणि निकाल दिला, "पिक्चर ट्यूब गेलीय. पण आत्ता नवा घेण्यात अर्थ नाही. सगळं प्रसारण डिजिटल होणार आहे. आज घेतला तर उद्या त्याचा डबा होईल. थांबूया. डिजिटल आलं की अक्षरं काचेसारखी दिसतील." मीही शहाणपणाने म्हणाले, "काकू, टीव्ही म्हातारा झालाय तुमचा." मला ती अक्षरं वाचता येत होती. पण चित्र थरथरायचं हेही खरंच होतं, त्यामुळे मला वेगळं काही सुचलं नाही. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मग काका कामाला लागले, म्हणजे माहिती गोळा करायला लागले. वर्तमानपत्रातली कात्रणं, दुकानांची पत्रकं, सगळं एका निळ्या फाइलमध्ये. दर महिन्याला एका शनिवारी ते सेरंगूनच्या एका दुकानात जायचे. तिथल्या विक्रेत्याला विचारायचे, हा सेट डिजिटल पकडेल का, वरून आणखी एखादा डबा लावावा लागेल का, कधीपासून. तो बिचारा एकदा वैतागून तिथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाला, "अंकल, एव्हरी मंथ यू कम, एव्हरी मंथ सी ओन्ली, लाह!" काका हसत हसत घरी आले आणि तेच काकूंना म्हणून दाखवलं. काकू हसल्या. त्यांची खुर्ची एव्हाना टीव्हीच्या इतकी जवळ सरकली होती की मागे बसलेल्यांना निम्माच पडदा दिसायचा.

असं वर्ष गेलं. दिवाळीच्या आधी मीच शेवटी हट्टाला पेटले. म्हटलं, "काका, तुमचं डिजिटल येईल तेव्हा येईल, काकूंना या दिवाळीला टीव्ही हवा." काका नाइलाजाने फाइल घेऊन निघाले. आम्ही दुकानातला सगळ्यांत स्वस्त चपटा टीव्ही घेतला. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण खोक्यावर 'डिजिटल रेडी' असं लिहिलेलं होतं, तेवढ्यावर काकांचं समाधान झालं.

संध्याकाळी मालिकेच्या वेळेला तो लावला. काय चित्र होतं! नायिकेच्या कानातले मोती मोजावेत. काका काकूंकडे वळून म्हणाले, "बघ. म्हटलं नव्हतं?" काकूंनी खुर्ची पुढे घेतली, मान तिरपी केली आणि हळूच म्हणाल्या, "यातही पुसटच आहेत हो."

काका क्षणभर टीव्हीकडेच बघत राहिले. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मधुमेहाने दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब केले होते. उजवा जवळजवळ गेला होता, डावा थोडाफार टिकवता येईल असं त्यांनी सांगितलं. वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, हेही सांगितलं. परतताना एमआरटीच्या गाडीत काका फक्त एकदा बोलले. "वर्षभर," एवढंच. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला घरातली चूक दिसली नव्हती, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं की काका म्हणायचे, "घ्या, आजच घ्या." लोक चेष्टा समजून हसायचे. संध्याकाळी ते काकूंच्या शेजारी बसायचे आणि त्या ओळी मराठीत करून वाचायचे, ऑफिसातला अहवाल वाचावा तशा एकसुरात: "ती म्हणते, मी या घरात परत पाऊल ठेवणार नाही. आता ती रडते आहे. आता जाहिरात." काकू म्हणायच्या, "अहो, जरा रडून वाचा की." पण त्यांना रडून वाचता यायचं नाही.

दोन वर्षांनी त्यांनी फ्लॅट विकला आणि सांगलीला, काकूंच्या बहिणीजवळ राहायला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी भांडी खोक्यात भरत होते. काका खाली गेले होते. काकू म्हणाल्या, "एक सांगू? मला बरेच दिवस कळत होतं. स्वयंपाकघरातून समोरच्या बिल्डिंगवरचा मोठा नंबर दिसेना झाला होता. त्याला काय टीव्ही कारण होता?"

"मग बोलला का नाहीत काकू?"

"घाबरले गं. टीव्ही जुना होता तोवर माझे डोळे चांगले होते. हे थांबूया म्हणायचे, मला बरंच वाटायचं." मग माझा हात चाचपून धरला. "ह्यांना सांगू नकोस. मी शेजारी बसून वर्षभर घाबरत होते आणि ह्यांना कळलं नाही, हे त्यांना सोसायचं नाही." मी शब्द दिला.

विमानतळावर सामान देऊन झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू तिथेच होतीस. मला खरं सांग. तेव्हाच टीव्ही घेतला असता तर तिचे डोळे राहिले असते ना?" त्यांचा चेहरा मला बघवेना. एका वाक्यात मी त्यांना मोकळं करू शकले असते. मी म्हणाले, "काका, नका ना असा विचार करू." त्यांनी मान हलवली आणि काकूंचा हात धरून ते आत गेले.

त्यानंतर मला काका दिसले नाहीत. सव्वा वर्षाने ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी सांगलीला फोन केला. काकू बराच वेळ शांतपणे बोलत होत्या. शेवटपर्यंत ते टीव्ही वाचून दाखवत होते म्हणाल्या, मराठी मालिका लागली तरी दाखवत होते. मग एकदम त्यांनी विचारलं, "तू ह्यांना ते सांगितलं होतंस का गं?"

मी म्हटलं, "नाही काकू. तुम्हाला शब्द दिला होता."

त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तू सांगून टाकशील. सांगून टाकायचं होतंस गं."