वनमालाच्या तुळशीवरची भुरी

आज आवारात तुळशीचं लग्न लागलं. अक्षता टाकताना मनात वनमालाच होती, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

ती आमच्या भांडुपच्या सोसायटीत तळमजल्यावर राहते. लग्न होऊन कणकवलीहून आली तेव्हा पदराच्या गाठीत आईच्या तुळशीच्या मंजिऱ्या होत्या. जुनं रोप वाळलं की त्याच्याच बियांतून ती नवं करते. आई गेली, भावाने माहेरच्या अंगणात फरश्या घातल्या. त्या तुळशीचा वंश उरला तो आमच्या आवारातल्या वृंदावनात.

दसरा झाला आणि पानांवर पीठ उडाल्यासारखं पांढरं दिसायला लागलं.

"भुरी इली गो," वनमाला म्हणाली.

आमचे सेक्रेटरी नंदकिशोर म्हणाले, "औषधवाल्याला बोलावतो. एका फवाऱ्यात साफ."

"आणि तीर्थात पान कुठलं घालणार? पोरं येता-जाता चावतात ती पानं. विष नको," वनमालाने अडवलं.

तिने रोगट पानं खुडून कागदात गुंडाळून टाकली. आंबट ताक भरपूर पाण्यात कालवून, गाळून, सकाळच्या उन्हात फवारलं. पानं निवळली, पण फांद्या माना टाकतच होत्या. शेवटी तिने माती उकरली. चिकट ओल, आंबूस वास. गुरुवारचं, एकादशीचं अभिषेकाचं दूध, पंचामृत, सगळी बिल्डिंग तिथेच ओतते. मुळं कुजायला लागली होती.

तिने वरची माती बदलली आणि वृंदावनाशेजारी पितळी पातेलं ठेवलं. "दूध तुळशीला दाखवा नि ह्यात ओता."

तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाकाकू भडकल्या. "आमचं दूध नको, आणि तुझं ताक चालतं होय?"

"ताक पानाला, काकू, तेही पाण्यासारखं पातळ. मुळात दूध नासतं. हात घालून बघा."

"देवाचं अडवणारी तू कोण गं?"

वनमालाने पातेलं काही उचललं नाही. मला रात्रभर वाटत राहिलं, आपण वाहतो ते आपल्याला बरं वाटावं म्हणून. घेणाऱ्याला ते सोसतं का, हे कधी विचारतच नाही.

पुढच्या गुरुवारी काकू वाटी घेऊन आल्या. वृंदावनाकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. मग वाटी पातेल्यात रिकामी केली.

"ह्याचं काय करणार आता?"

"तापवून विरजण लावते. त्याच ताकाचा फवारा."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

निम्म्या फांद्या काही वाचल्या नाहीत, त्या कापाव्या लागल्या. उरलेल्यांवर कोवळी पानं आली, एका फांदीला मंजिऱ्याही धरल्या. आज मंगलाष्टका संपल्यावर काकूंनी वनमालाला बाजूला घेतलं. "वाळल्या की दोन मंजिऱ्या मला दे. माझ्या खिडकीत लावते."

वनमालाने डोळे पुसले. म्हणाली, "देतंय. पण दूध घालूचा नाय हां, काकू!"